पालथा पाव

मी टेबलावर पालथा ठेवलेला पाव आजींनी बोलता बोलता सुलटा केला. काहीतरी चुकलंच आपलं.

इंग्लंडमधल्या आमच्या गावाचं हे फ्रान्समधलं जुळं गाव, म्हणजे दोन्ही गावांनी मैत्रीचं नातं जोडलेलं. आमच्या ह्यांना शेवटच्या दुखण्यात ज्या हॉस्पिसने सांभाळलं, त्याच्यासाठी मदत गोळा करायला आम्ही इथे आलो होतो आणि या आजींकडे उतरलो होतो. हॉस्पिसचे उपकार फिटायचे नाहीत, म्हणून मीही विकायला चकल्यांचे डबे घेऊन निघाले. सातवीत शाळा सुटलेली, इथली भाषा येत नाही, धाकधूक सारखी.

"काय झालं हो?" मी आमच्यातल्या सुलभाताईंना विचारलं. त्यांना फ्रेंच येतं.

"पालथा पाव म्हणजे घरावर संकट, म्हणतात इथे. आपली पालथी चप्पल नाही का, तसंच."

ह्यांना रुग्णवाहिकेतून नेलं तेव्हा दारात त्यांची एक चप्पल पालथी पडली होती. मला दिसली होती. घाईत सुलटी करायची राहिली. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लोक डॉक्टरांना बोल लावतात, नशिबाला लावतात. माझं मन अजून त्या चपलेपाशीच घोटाळतं.

"त्यांना विचारा ना, सुलटा केला की टळतं का?"

आजींनी भिंतीवरच्या आपल्या मुलाच्या फोटोकडे पाहिलं. फोटोला हार नव्हता, तरी मला कळलं. त्या हळू आवाजात काही बोलल्या.

"त्या म्हणतात," सुलभाताई थांबत म्हणाल्या, "मी तर कधीच पालथा ठेवला नव्हता."

मग आम्ही तिघी तो पाव खात बसलो.