गाडीचा आवाज घालवताना

बालाघाट जिल्ह्यात स्पोर्ट्स कार घेणारा माणूस शहाणा नसतो, हे मला सगळ्यांनी वेळेवर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत मी डंपर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. टाउनशिपमधला एक इंजिनियर बदली होऊन निघाला, तेव्हा त्याची दोन दरवाजांची, लाल, पोट जमिनीला टेकेल अशी जुनी गाडी मी घेतली. निवृत्त होऊन बालाघाटला राहायला आलो तोवर ती चांगलीच म्हातारी झाली होती. खड्ड्यात गेली की खालून खडखड, उभी असली की थरथर, आणि जरा पळवली की सायलेन्सरपासून दारापर्यंत सगळं घुमायचं.

बायको म्हणायची, "दोन दरवाजे, मागं बसाले जागा नाही. पाहुणे आले त डिक्कीत बसवान काय?" पण वारासिवनीच्या बाजाराला जायचं असलं की तीच आधी तयार व्हायची. पिशवी मांडीवर, हनुवटी वर, आणि ओळखीचं कुणी दिसलं की मला गाडी हळू करायला लावायची. त्या आवाजात बोलता यायचं नाही, म्हणून आम्ही गाडीत कधी भांडलो नाही. भांडणं सगळी घरी व्हायची, आणि ती मीच सुरू करायचो. माझं डोकं लवकर तापतं.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास तिच्या पाठीचं दुखणं निघालं आणि महिनाभरात कळलं की कॅन्सर कण्यात उतरला आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध द्यायचं ठरवलं. ते म्हणाले, प्रवास झेपतोय तोवर चालू ठेवू, नाही झेपला तर थांबवावं लागेल. म्हणजे औषध नागपुरात आणि मध्ये चार-साडेचार तासांचा रस्ता. राजेगावचा पूल, मग गोंदिया, मग पुढे कंटाळा येईपर्यंत ट्रकांच्या मागे.

टॅक्सीत तिला ताठ बसवत नव्हतं. अँब्युलन्सचं नाव काढलं तर म्हणाली, "मले आडवी नेऊ नका. न्यायची वेळ येईन तवा नेजा." माझ्या गाडीची सीट मात्र खोलगट होती, मागे झुकायची, त्यात तिला अर्धवट पडता यायचं. मुलगी हैदराबादला, तिचं लेकरू लहान. तेव्हा नेणारा मी आणि गाडी ही. पहिल्या खेपेला प्रत्येक खड्ड्यावर बायको दाराची कडी घट्ट धरून डोळे मिटायची. परत आल्यावर मी ठरवलं की गाडीची खडखड आणि थरथर मुळापासून काढायची.

अंगणात गाडी जॅकवर चढवून मी चार दिवस तिच्याखाली पडून होतो. चाकं ज्या दांड्यांवर तोललेली असतात त्यांच्या टोकांना रबरी बुश असतात. धक्का त्यांनी खायचा असतो. माझ्या गाडीतले बुश भाजलेल्या वांग्यासारखे झाले होते, बोट लावलं की सुटून येत होते. नवे कोणते घ्यायचे? पुण्याच्या एका दुकानदाराने फोनवर सांगितलं की रबर दोन वर्षांत जातं, कडक प्लास्टिकसारखे येतात ते घ्या, रेसवाले तेच लावतात, जन्मात बदलावे लागणार नाहीत. कुरिअरने आले. नख रोवून पाहिलं तर रुतत नव्हतं, आणि मला तेच आवडलं. तीस वर्षं डंपर सांभाळताना मी एकच शिकलो होतो की टिकतं ते चांगलं. डंपर दगड वाहतो. दगडाला कळ येत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

पुढच्या खेपेला खडखड गेली होती. स्टिअरिंगवर गाडी अशी मुठीत आली होती की मी खूश झालो. गोंदियाच्या अलीकडे विचारलं, "कसं वाटून राह्यलं?"

"बरं हाय," ती म्हणाली. "खडखड गेली."

मी गल्लीत चार जणांना गाडी दाखवली. सोललेले हातही दाखवले.

तिसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "या खेपेले राहू द्या न." मी कारण विचारलं. ती औषधांच्या पुड्या मोजत राहिली. मग मी बोललो. "मी चार दिवस गाडीखाली काहून मेलो? तुलेच बरं व्हायचं नाही." हे मी माझ्या तोंडाने म्हणालो, आणि म्हणताना मला मी बरोबर वाटत होतो. ती उठली आणि दुसऱ्या दिवसाची पिशवी भरायला लागली. त्यानंतर तिने कधीच नको म्हटलं नाही.

त्या खेपेवरून आल्यावर सायलेन्सरचा एक जोड सुटला आणि तो वेल्डिंगचा डाग लावून घ्यायला मी वारासिवनीच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, बोलणं अर्धं हिंदी, पण हात सोन्याचा. काम झाल्यावर त्याने गाडी चालवून बघायला घेतली आणि मी बाजूच्या सीटवर बसलो. इतक्या वर्षांत मी त्या सीटवर कधी बसलोच नव्हतो. ती तिची जागा होती.

कटंगीच्या रस्त्याला लागेपर्यंत माझे दात एकमेकांवर वाजायला लागले. खड्डे जाणवत नव्हते, पण सीटच्या खालून एक बारीक, न थांबणारी झिणझिण येत होती आणि ती सरळ माकडहाडात शिरत होती. मी हात पाठीखाली घातला. तीन-चार किलोमीटर झाले असतील.

त्याने गाडी कडेला घेतली. "काकाजी, काकी इथं बसून नागपूरले जाते?"

मी मान डोलावली.

"कडक बुश चढवले तुम्ही. आवाज तो गया, पर झटका कहाँ जाएगा? बॉडीत जाते, बॉडीतून सीटमधी, सीटमधून मानसात." त्याने हे अगदी सावकाश सांगितलं, फिटरला फिटर सांगतो तसं. मी त्याच्यासमोर रडलो. तो उतरून बॉनेट उघडून उभा राहिला, उगाच.

घरी येऊन मी तिला विचारलं, "काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही इतके खूश होते," ती म्हणाली, आणि पापड भाजत राहिली.

मग ते कडक बुश मी फेकले आणि सगळं काम त्या मेकॅनिकच्या हाती दिलं. त्याने मऊ रबराचे बुश मागवले. इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसतं ते बदलले, शॉकरच्या डोक्यावरची रबरं बदलली, सायलेन्सर टांगायची रबरी कडी बदलली, एका चाकाचं बेअरिंग गुणगुणत होतं तेही. शेवटी बुशांचे बोल्ट आवळायचे राहिले, तेव्हा त्याने गाडी जॅकवरून उतरवून गॅरेजमधल्या, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर आणली. हे मला माहीत असायला हवं होतं. गाडी लटकती ठेवून बोल्ट आवळले तर वजन आल्यावर रबर पिळून बसतं आणि लवकर फाटतं. चाकांवर वजन असतानाच आवळायचं असतं. तो त्याच्याही पुढे गेला.

"जे बसनार आहे त्याईचं वजन पाहिजे," तो म्हणाला. "तुम्ही स्टेरिंगवर बसा. काकीच्या जागेवर तांदळाचं पोतं ठेवू. किती वजन हाय काकीचं?"

"साठ," मी म्हणालो. तिचं वजन साठ हे मला माझ्या वजनापेक्षा जास्त पाठ होतं, कारण त्यावरून मी तिला वर्षानुवर्षं चिडवलं होतं.

शेजारच्या राइस मिलमधून त्याने पन्नास किलोचं पोतं आणलं आणि वरचे दहा किलो आणायला पिशवी घेऊन पुन्हा निघाला. तेवढ्यात मला दवाखान्याचा कागद आठवला. मागच्याच खेपेला नर्सने तिला काट्यावर उभं केलं होतं आणि आकडा लिहिला होता. कागद खिशातच होता. मी तो उघडून पाहिला.

"थांब," मी त्याला म्हणालो. "काढा लागतीन."

"किती?"

"बारा."

त्याने पिशवी खाली ठेवली. पोत्याची शिवण उसवली आणि आम्ही दोघांनी मिळून डब्याने तांदूळ काढले. काट्यावर ठेवलं, अजून काढले, अडतीस भरले. मग ते ढिलं पडलेलं पोतं उचलून त्याने एकट्यानेच सीटवर नेऊन ठेवलं. ते पुढे कलंडायला लागलं, म्हणून मी त्याला सीटबेल्ट लावला. तो खड्ड्यात उतरला आणि मी स्टिअरिंग धरून अर्धा-पाऊण तास त्या पोत्याशेजारी बसून होतो. खालून पाना कुरकुरत होता. मी पोत्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते जमलं नाही. केवढीशी झाली होती ती, आणि रोज तिला पाहणाऱ्या मला ते पोत्याने सांगावं लागलं.

गाडी घरी आणताना मला इंजिन चालू आहे की नाही हे मीटरच्या काट्याकडे बघून कळत होतं. रस्ता तोच, खड्डे तेच, पण अंगाला काही लागत नव्हतं. खेपेच्या दिवशी सकाळी बायकोला घेऊन निघालो. राजेगावच्या पुढे विचारलं, तर म्हणाली, "लोण्यावानी चालते." ओठ घट्ट मिटून बसली होती. मला वाटलं, मऊ गाडीत सुखाने बसली आहे.

नागपुरात डॉक्टरांनी स्कॅनचे फोटो पाहिले आणि मला बाहेर बोलावलं. औषधाचा उपयोग होत नाही, म्हणाले. आता इतक्या लांब आणून त्रास देऊ नका, दुखण्याचं औषध देतो, घरीच ठेवा. मी आत गेलो तर ती चपला घालून तयार होती. 

परतताना ऊन उतरत आलं होतं आणि थंडी पडायला लागली होती. तिरोडा मागे गेल्यावर मला गाडीत एक आवाज ऐकू आला. बारीक, थांबून थांबून येणारा. माझा तीस वर्षांचा कान लगेच कामाला लागला. कुठलं तरी रबर नीट बसलं नाही, मी मनात म्हणालो. वेग कमी केला, आवाज तोच. गिअर बदलला, तोच. न्यूट्रलमध्ये टाकून गाडी नुसती वाहू दिली, तरी तोच. मेकॅनिकला चार शब्द सुनवायचे असं ठरवत मी कान डावीकडे नेला.

तिने पदराचा बोळा दातात धरला होता.

मी पाहिलं हे तिने पाहिलं आणि पदर काढला. "ऐकू आलं काय?"

"हौ."

"आधी नव्हतं येत." मग म्हणाली, "आधीच्या खडखडीत बरं होतं. नागपूरपासून घरापर्यंत कण्हत येता येत होतं. मंग तुम्ही कडक वाले लावले तवाही घुमत होतं थोडं, जमून जाय. आता काहीच नाही." ती तक्रार करत नव्हती. "तुमाले गाडी चालवाची असते, म्हणून."

इतक्या खेपा मी तिच्या हातभर अंतरावर बसून होतो.  मी शाल तिच्या गळ्यापर्यंत ओढली. मग माझ्या बाजूची काच पूर्ण खाली केली आणि वाकून तिच्या बाजूचीही केली. गार वारा दोन्हीकडून आत आला आणि कानात घोंघावू लागला. मी गाडी पळवली, तसा तो वाढला.

काही वेळाने ती कण्हायला लागली, आधी हळू, मग मोकळेपणाने. मला सगळं ऐकू येत होतं. राजेगाव येईपर्यंत मी मान वळवली नाही.