हिमाचली छप्पर आणि मालवणी गारा

आता विचारलंच आहेत, तर ऐका माझ्याच तोंडून. नाहीतरी वाडीतला कोणीतरी तुम्हाला सांगणारच, आणि तो वर मीठमसाला लावून सांगणार. माझी इतकी शोभा झाली आहे की मसाल्याची गरज नाही.

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. जगात कुठे पाऊस पडतो, कुठे बर्फ पडतो, कुठे गारा पडतात, हे पोरांकडून घोकून घेतलं. नकाशात चेरापुंजी दाखवता आली नाही म्हणून कान पिळले. आणि एवढ्या विद्वान माणसाला आपल्या स्वतःच्या घरावर काय पडतं, हे मात्र कळलं नाही!

झालं असं की आमच्या घराचे पत्रे खाऱ्या वाऱ्याने चाळण करून टाकले होते. ते बदलायचे होते. सरळ काम. आमचे पांडू मेस्त्री आले असते, रंगीत पत्रे घातले असते, चहा पिऊन गेले असते. पण नेमकं त्याच्या आधी आम्ही निवृत्त शिक्षक हिमाचलच्या सहलीला गेलो. तिथे एका उंचावरच्या गावात मुक्कामाला होतो आणि गारा सुरू झाल्या. अहो, लिंबाएवढ्या गारा! अंगणातल्या बादल्या फुटल्या, पण घरावरच्या पत्र्याला साधा पोचा आला नाही. बाकीचे शिक्षक खाटेखाली बसले होते आणि मी खिडकीतून कोनमापकाने समोरच्या घराच्या छपराचा उतार मोजत होतो. हो, सहलीला कोनमापक नेला होता. हसा, हसा.

घरी आलो ते ठरवूनच. छप्पर होणार तर हिमाचली!

पांडू मेस्त्रींनी माझा कागद उलटसुलट करून पाहिला. "सर, उतार इतको कशाक? वर चढलेलो माणूस सरळ बावडेच्या पाण्यात जातलो."

"गारा घसरून जाव्यात म्हणून."

"हय गारा खंय पडतत?"

"पडतील! हवामान बदलतंय, मेस्त्री. पेपर वाचत नाही का?"

"वाचतंय मा. आणि ह्यो लोखंडी पट्ट्यो कसल्यो?"

"साठलेला बर्फ एकदम घसरून माणसाच्या डोक्यावर पडू नये म्हणून."

मेस्त्रींनी एकदा समोरच्या माडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पट्ट्या लावल्या. गिऱ्हाईक शहाणं झालं की मेस्त्री गप्प बसतो, हा अनुभवी माणसाचा कायदा आहे.

माझी बायको शालन मात्र गप्प बसली नाही. कारण त्या हिमाचली उतारापायी घरासमोरची पडवी गेली. आता ही पडवी म्हणजे काय, तर पुढे उतरत आलेलं सखल छप्पर आणि खाली मातीची बैठक. शालनचा अर्धा दिवस तिथे जायचा. तांदूळ तिथे निवडायचे, कोकमाची सोलं तिथे सुकवायची, शेजारणी तिथेच यायच्या, आणि पावसाळ्यात तर ती पडवी हेच तिचं जग. एका सकाळी तिने बाहेर पाऊल टाकलं ते थेट उन्हात.

"अवो, माझी पडवी खंय गेली?"

"या प्रकारच्या छपराला पडवी नसते. बर्फाचं वजन येतं," मी म्हणालो. मी हट्टाला पेटलो की प्रमाण मराठीत बोलतो. शालनला ते बरोबर कळतं.

"मगे बर्फ पडलो की माका हाक मारा. तवसर मी बसू खंय?"

शेवटी तिनेच तोड काढली. "एक गार दाखवा माका. एकच! मगे पडवीचां नाव काडूचंय नाय. नायतर पावसाच्या आधी माझी पडवी माका परत होयी."

मी मान्य केलं. आणि तुम्हाला खरं सांगतो, त्या दिवसापासून मी आभाळाकडे जसा डोळे लावून बसलो तसा कधी शेतकरीही बसला नसेल. फरक एवढाच की मला आंब्याच्या हंगामात गारा हव्या होत्या. आख्ख्या तालुक्यात असा नतद्रष्ट माणूस मी एकटाच.

मार्च उजाडला. एक दिवस ढगाळ, वारा सुटलेला. सकाळी अकराच्या सुमाराला मी मोरीत होतो, तोंडाला साबण. शालन नुकतीच देवळात बचत गटाच्या बैठकीला गेली होती. आणि अचानक डोक्यावर ठण! ठण! तड तड तड तड!

साहेब! हा आवाज मी ओळखत होतो! पंचा गुंडाळला आणि तसाच अंगणात धावलो. एका डोळ्यात साबण, दुसऱ्या डोळ्याने पाहतो तर काय, माडाच्या मुळात पांढरे शुभ्र बर्फाचे तुकडे चमकताहेत!

गारा!

मी पंचा सावरत तिथे बसलो आणि त्या गारा ओंजळीत घेतल्या. डोळ्यांत पाणी आलं. साबणाचं होतं, पण आनंदाचंही होतं. आता तुम्ही विचाराल, सर, गारा फक्त माडाच्याच मुळात कशा? बाकी अंगण कोरडं कसं? हा प्रश्न चौथीतल्या पोरालाही पडला असता. मला पडला नाही. मी तुकडे स्टीलच्या डब्यात भरले, वर 'नमुना, उघडू नये' असा कागद चिकटवला आणि डबा फ्रीजरमध्ये ठेवला. मग उरलेल्या गारांचा अगदी जवळून फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली ओळ लिहिली: 'आज आपल्या वाडीत गारपीट. शास्त्राला हसणाऱ्यांनी नोंद घ्यावी.'

पहिला फोन शेजारच्या दाजींचा. त्यांची आंब्याची कलमं आहेत.

"सर, गारा खऱ्याच पडल्यो?"

"माझ्याकडे नमुना आहे!"

"तरीच! माज्या कलमांचो मोहोर काळो पडलो तो म्हणानच!"

दुपारपर्यंत खालच्या वाडीतही गारा पडल्या. चहाच्या वेळेला वरच्या वाडीत पडल्या. कोणाकडे सुपारीएवढ्या, कोणाकडे लिंबाएवढ्या. एकाने तर लिहिलं की त्याची म्हैस गार लागून लंगडते आहे. ती म्हैस गेल्या दिवाळीपासून लंगडते, हे आख्ख्या गावाला ठाऊक. पण सरांच्या गारा पडल्यावर म्हशीला कोण अडवणार? सगळ्यांनी मिळून नुकसानीचा अर्ज केला, आणि त्यात पुरावा म्हणून माझं नाव. पांडू मेस्त्री तर स्वतः आले आणि म्हणाले, "सर, माफ करा. आमी अडाणी."

मी त्यांना मोठ्या मनाने माफ केलं. आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

आणि शालन? ती बैठकीहून आली आणि तिने फोटो पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे तुमचां बरोबर होतां. ऱ्हवांदे पडवी. मी मागच्या दारात बसान." आणि तांदूळ निवडायचं सूप घेऊन ती मागे गेली. खरं म्हणजे मला तिथेच वाईट वाटायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाला वाईट वाटायला उशीर लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पंचनामा! कृषी सहायक म्हणून आली ती माझीच जुनी विद्यार्थिनी, बांद्याकडची माधवी. हातात फायली, कचेरीतली शुद्ध भाषा. दाजी, मेस्त्री, म्हशीचा मालक, सगळे आमच्या ओटीवर जमले.

"सर, किती वाजता, किती वेळ, कोणत्या दिशेने?" तिने लिहायला घेतलं. मी घसा खाकरला. तेवढ्यात डोक्यावर ठण! ठण! तड तड तड!

"बघ!" मी ओरडलो. "परत सुरू झाल्या!"

सगळे अंगणात धावले. आभाळ स्वच्छ. ऊन रखरखीत. आणि मी बर्फ अडवण्यासाठी लावलेल्या त्या लोखंडी पट्ट्यांवर पाच वांदर ओळीने बसलेले. त्यांचा पुढारी छपरावर वाकलेल्या आंब्याची फांदी गदागदा हलवत होता. बाळकैऱ्या पत्र्यावर आपटायच्या आणि हिमाचली उतारावरून घसरत घरामागे जायच्या.

"वा सर!" मेस्त्री म्हणाले. "वांदरांका बसूक बाकडी बरी झाली."

दुसरा कोणी असता तर इथेच हात जोडून मोकळा झाला असता. मी म्हणालो, "आजचा आवाज माकडांचा आहे. कालचा गारांचा होता. नमुना आहे!" आणि डबा आणला.

रात्रभर फ्रीजरमध्ये राहून तुकड्यांचा एक गोळा झाला होता. माधवीने तो हातात घेतला आणि तिचं नाक हललं.

"सर, याला बांगड्याचा वास येतोय."

"फ्रीजरमध्ये बाजूलाच बांगडे होते," मी म्हणालो. तुम्हीच सांगा, मालवणी माणसाला बांगड्याचा वास वेगळा कळतो का? आमच्याकडे तो हवेतच असतो.

तिने गोळा उन्हात धरला. "आणि आत हे काय आहे?"

"ते केंद्रक! तुला शिकवलंय मी. धुळीच्या कणाभोवती बर्फाचे थर बसतात आणि गार तयार होते."

माधवीने डोळे बारीक करून पाहिलं. मग तिची कचेरीतली भाषा गळून पडली. "सर, ह्या केंद्रकाक मिश्यो आसत."

दाजी पुढे झाले. त्यांनी पाहिलं. "अरे, ह्या सुंगट मा!"

होय. माझ्या गारेच्या पोटात एक बारीकशी कोळंबी होती, मिशांसकट. मी तोंड उघडलं, बहुतेक समुद्री वाऱ्याबद्दल काहीतरी सांगणार होतो. पण बेड्यापाशी, म्हणजे आमच्या फाटकापाशी, मोपेडचा हॉर्न वाजला. आमची मासेवाली जयवंती आली होती, रोजच्या वेळेला.

"शालनवयनी!" तिने तिथूनच हाक दिली. "आज पण पेटयेतलो बर्फ माडाच्या मुळात वतू मा? काल देवळात जाताना तुमी सांगलास तसो!"

मासळीचं पाणी माडाला घालायचं, माड धरतो, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. भूगोलाच्या मास्तरालाही ठाऊक होतं. हसण्याचा असा काही स्फोट झाला की सगळे वांदर पळाले.

फक्त दाजी हसले नाहीत. "मगे माज्या कलमांचां काय?" ते बिचारे हळूच म्हणाले. माधवीने त्यांना समजावलं की मोहोर रोगाने काळा पडलाय, ती फवारणी सांगेल. त्या क्षणी मला खरोखर लाज वाटली. माझ्या टोपीत तुरा खोवायला मी त्यांना खोटी आशा लावली होती.

शालन दारात उभी होती. ती चिडली असती तर परवडलं असतं. तिने पदर खोचला, माधवीच्या हातातला गोळा घेतला आणि शांतपणे म्हणाली, "बाय, जेवान जा. गारेचां कालवण करतंय."

लोक गेल्यावर मी तिच्याकडे गेलो. या वेळी प्रमाण मराठी सुचली नाही. "शालन, चुकलंय गो."

"म्हायत आसा," ती म्हणाली. एवढंच.

दोन दिवसांनी पांडू मेस्त्री मोजमापाला आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. शालनला विचारलं, "वयनी, पडवी किती फूट होयी?" ती सांगत गेली, ते लिहीत गेले. मी बाजूला घुटमळत होतो. सवयीने म्हणालो, "मेस्त्री, उताराचा कोन मी काढून देऊ का?"

मेस्त्रींनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं.

"नको सर. तुमी फक्त हय उभे ऱ्हवा आणि शून्य धरा."