रायपूर: मी नीट लावून ठेवलेल्या चपला

मी श्रीकांत विनायक लेले. वय छप्पन्न, शिक्षण बी.कॉम., मूळ गाव पुणे. गेली चौदा वर्षे स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात, वाहनांचे सुटे भाग आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे हिशेबाचे काम करतो. या जानेवारीत मी रायपूरला गेलो, तो माझ्या थोरल्या बहिणीला, सुधाताईला, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेण्यासाठी. परदेशात दीर्घकाळ राहून आपल्या माणसांकडे एखाद्या कामासाठी जाणार असलेल्या वाचकांकरिता हे लिहीत आहे. रस्ते, खाणे, खर्च यांची माहिती ओघाने येईलच. परंतु मुख्य विषय रांगेचा आहे.

गोथेनबर्गला औषधाच्या दुकानात शिरल्यावर प्रथम यंत्रातून आकड्याची चिठ्ठी काढायची आणि मग बाकावर शांत बसायचे. बसथांब्यावर बर्फ पडत असला तरी दोन माणसांत हातभर अंतर राहते. पहिल्या वर्षी मी आपल्या सवयीने पुढच्या माणसाच्या पाठीला लागून उभा राही. एकदा पोस्टात एक गृहस्थ पाऊलभर पुढे सरकले, मीही सरकलो. ते पुन्हा सरकले, मीही पुन्हा. अखेर त्यांनी वळून अत्यंत सौजन्याने विचारले, "आपली ओळख आहे का?" ते अंतर राखायला शिकण्यात माझी दोन वर्षे गेली. एकदा शिकल्यावर मात्र त्याचा मला अभिमान वाटू लागला. सरळ रांग हीच सभ्यतेची कसोटी, असे मी मनोमन ठरवून टाकले होते.

मुंबईहून रायपूर विमानाने दोन तासांच्या आत. विमानतळावरून शहरात यायला टॅक्सीवाल्याने साडेतीनशे रुपये घेतले. भाडे आधीच ठरवावे. वेगळे राज्य होऊन बारा वर्षे झाली आहेत आणि राजधानीचा तोरा रस्त्यांवर दिसतो: रुंद दुभाजक, कुंड्या, खात्यांच्या नावांचे मोठमोठे फलक. मात्र तात्यापारा या जुन्या मोहल्ल्यात वळलो की गल्ली आहे तेवढीच राहते. ताईचे घर तिथे आहे. लग्न होऊन ती इथे आली त्याला पस्तीस वर्षे झाली. तिच्या पुणेरी बोलण्यात आता नागपुरी वळणे आणि हिंदी शब्द सहज मिसळून गेले आहेत. भाऊजी रेल्वेतून निवृत्त झालेले, गुडघ्याने अधू, जिभेने मात्र तरतरीत.

ताईला काचबिंदू आहे. उजव्या डोळ्यातला दाब आटोक्यात आला होता. डाव्या डोळ्याची नजर कडांकडून आत आत चालली होती. एका धर्मादाय नेत्ररुग्णालयात महिन्यातून एकदा बाहेरगावचे तज्ज्ञ येतात आणि दुपारच्या विमानाने परत जातात. तोवर जेवढे रुग्ण होतील तेवढे होतात. उरलेल्यांना पुढच्या महिन्याची वाट पाहावी लागते. खासगी डॉक्टर गाठू, खर्च माझा, असे मी आल्याआल्याच सांगितले. ताई ठाम होती. "याच डॉक्टरांनी माझा उजवा डोळा राखला. डावा पण तेच पाहतील. तू फक्त सोबत ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी मला गोल बाजारात नेले. तिथे पोहे खावेत, वर शेव आणि बाजूला गरम जिलबी. दोघांचे मिळून पन्नास रुपये पुरे झाले. ते पोहे मिळवणे मात्र मला जमले नाही. ठेल्यासमोर मी पुढच्या माणसापासून हातभर अंतर ठेवून उभा राहिलो. त्या अंतरात आधी एक बाई आल्या, मग एक स्कूटर आली, मग स्कूटरवाल्याचा मित्र आला. पोहेवाला माझ्या खांद्यावरून मागच्यांना बशा देत होता. भाऊजी पलीकडे पायरीवर बसून मजा पाहत होते.

"श्रीकांतराव, एवढे मांगं काहून उभे राहून राहिले?"

"माझा नंबर येईल ना, भाऊजी."

"कसा येईन? त्याले वाटते तुम्ही नुसते पाहून राहिले." आणि बसल्या जागेवरून ओरडले, "भैया, दो प्लेट इधर, हमारे साले साहब को भी! विलायत से भूखे आए हैं!"

बशा तत्काळ आल्या. आजूबाजूचे हसले. मीही हसलो, पण मनात नोंद केली की इथे रांग नावाची गोष्टच नाही. ही नोंद चुकीची होती. तिच्यावर मी पुढचा सारा व्यवहार उभा केला.

त्याच दुपारी टॅक्सी करून मी शहराबाहेर वसवली जात असलेली नवी राजधानी पाहून आलो. सहा पदरी रस्ते, उभ्या राहत असलेल्या इमारती, मैलभर माणूस नाही. वेळ असेल तर जरूर पाहावी. सावली आणि चहा यांची सोय मात्र स्वतः करावी. परतलो तेव्हा भाऊजी नुकतेच बाहेरून आले होते. जेवताना म्हणाले, "उद्याचा नंबर लागला हाय. सकाळी आरामात जाऊ."

मला वाटले, कुणा ओळखीच्या माणसाला सांगून ठेवले असेल. तो प्रकार मला मान्य नव्हता, आणि कोणाच्या शब्दावर ताईचा डोळा सोडणे त्याहून मान्य नव्हते. मी काही विचारले नाही. त्यांनीही अधिक सांगितले नाही. नंबर कसा लागतो हे कुणाला सांगावे लागेल, असे इथल्या माणसाच्या स्वप्नातही येत नसेल. पहाटे ताई उठली तेव्हा मी कोट चढवत होतो. "मी पुढे होतो, तुम्ही मागून या," म्हणालो आणि तिची फाइल घेऊन निघालो.

रुग्णालयाचे फाटक बंद होते. धुके दाट होते. फाटकाला लागून मारुतीचे लहान देऊळ होते, त्याच्या ओट्यावर एक बाई शाल पांघरून बसली होती. कोपऱ्यापलीकडे शेकोटीभोवती माणसांची कुजबुज ऐकू येत होती. फाटकापुढे एकही माणूस उभा नव्हता. जमिनीवर मात्र चपला पडलेल्या होत्या: रबरी, प्लास्टिकच्या, एक बूट, मधूनच एखादी पाण्याची बाटली, एक वीट. देवळात गेलेल्यांनी वाटेत काढून ठेवल्या असाव्यात, असे मी समजलो. थोड्या वेळाने डोळ्यांचे रुग्ण इथून चालणार, कुणीतरी अडखळून पडेल, हा विचार मनात आला. मी त्या सगळ्या उचलल्या, जोड्या जुळवल्या आणि भिंतीकडेला आकारमानाने ओळीत लावल्या. बाटल्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. वीट झाडाखाली ठेवली. मग फाटकापुढे पहिला म्हणून उभा राहिलो. मला अतिशय बरे वाटत होते.

फाटक उघडण्याच्या सुमारास कोपऱ्यावरून माणसे आली. ती माझ्याकडे न पाहता खाली पाहत होती.

"मोर पनही कहाँ हे?" ओट्यावरची बाई आपली चप्पल शोधत खाली उतरली. "मोर नंबर पहिली रिहिस!"

"किसने हटाया?"

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, मी नीट ठेवल्या आहेत, त्या तिकडे, भिंतीपाशी. मग एक तरुण म्हणाला, "अंकल, घर में भी इतनी सफाई करते हो क्या?" काही जण हसले. ती बाई हसली नाही. "मैं तो अस्पताल के साहेब समझेंव," ती माझ्या कोटाकडे पाहत म्हणाली. म्हणूनच मला चपला उचलताना पाहूनही तिने अडवले नव्हते, आणि धुक्यात त्या कुठे गेल्या ते तिला दिसले नव्हते. तिचे म्हातारे वडील शेकोटीपाशी बसले होते. दोघे तिल्दा गावाकडून आदल्या संध्याकाळी आले होते.

एवढे होईतो फाटक उघडले. ज्यांचा क्रम मागे होता, आणि जे त्याच क्षणी रिक्षातून उतरत होते, त्यांना आता मागे राहण्याचे कारण उरले नव्हते. लोंढा आत घुसला. मी डायरीची पाने फाडून त्यांवर आकडे लिहिले आणि वाटू लागलो. "आधी कोण होते? त्यांच्यामागे कोण?" असे ओरडत होतो. पहिला आकडा त्या बाईच्या हातात कोंबला. "लॉटरी है क्या, अंकल?" कुणीतरी विचारले. फाटकावरच्या माणसाने बाईची चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. "ये यहाँ नहीं चलता."

ताई आणि भाऊजी आले तेव्हा मी बाहेरच होतो. भाऊजी जमिनीकडे पाहत दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले.

"आपली चप्पल कुठं हाय? तिसरी ठेवली होती मी. काल स्वतः ठेवून गेलो."

मी भिंतीकडे बोट केले. ओळीत एव्हाना थोड्याच जोड्या उरल्या होत्या. त्यांत निळ्या पट्ट्यांच्या जुन्या रबरी चपला होत्या. ताई वाकली, डाव्या डोळ्याला कडेचे दिसत नसल्यामुळे मान वळवून तिने त्या शोधल्या आणि पिशवीत घातल्या.

"तुम्ही हात काहून लावला?" भाऊजींनी विचारले. आवाज चढलेला नव्हता. "तुम्हाले सांगतलं होतं ना, नंबर लागला हाय."

"अहो, त्याला काय माहीत," ताई म्हणाली. "चल श्रीकांत, आत बसू. थंडी आहे."

आम्ही आत बसलो. तिल्द्याच्या बाईचे वडील आमच्या पुढे दोन-तीन खुर्च्या सोडून बसले होते. दुपारी डॉक्टर आपली बॅग घेऊन समोरून गेले. मी उठून त्यांना थांबवू शकलो असतो. "एकच मिनिट, मी परदेशातून आलो आहे" असे म्हणू शकलो असतो. इथे पुष्कळ जण तसे म्हणतात. मी अर्धवट उठलोही. तिल्द्याचा तो म्हातारा डॉक्टरांच्या पाठीकडे पाहत होता. मी खाली बसलो. हे योग्य केले की अयोग्य, याचा निर्णय मला आजही करता आलेला नाही. डोळा माझा नव्हता.

उरलेले दिवस सांगण्यासारखे नाहीत. ताईने तांदळाचे फरे केले, धिरड्यासारखा चीला केला, टमाट्याची चटणी केली. सदर बाजारात नेऊन माझ्या पत्नीसाठी साडी घेतली आणि पैसे मला देऊ दिले नाहीत. त्या सकाळविषयी तिने अवाक्षर काढले नाही. भाऊजींनी चेष्टा करणे थांबवले होते आणि मला "या, बसा" असे परक्या पाहुण्याशी बोलावे तसे बोलू लागले होते. परतीचे तिकीट पुढे ढकलण्यासाठी मी मालकांना फोन केला. वर्षअखेरीचे हिशेब पूर्ण करायचे होते, रजा मिळाली नाही. निघताना भाऊजी टॅक्सीपर्यंत आले, दार लावून दिले आणि लगेच वळले.

वाचकांसाठी व्यवहाराचे एवढेच: जिथे रांग दिसत नाही, तिथे आधी विचारा. जमिनीवरचे काहीही उचलू नका. काहीही सरळ करू नका.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी ताईला तपासले. डाव्या डोळ्याची नजर आणखी आत आली आहे. गेलेली परत येत नाही. एका महिन्याने किती फरक पडला हे सांगता येणार नाही, असेही ते म्हणाले. हिशेबाच्या माणसाला याहून वाईट उत्तर मिळू शकत नाही.

काल ताईशी फोनवर बोललो. पुढच्या तारखेला भाऊजी चपला ठेवायला कधी जाणार, असे मी विचारले.

"चपला आता कोणी ठेवत नाही रे," ती म्हणाली. "त्या दिवसापासून भरोसा उडाला लोकांचा. आता ज्याचं त्यानं स्वतः उभं राहायचं, पहाटेपासून."

"म्हणजे भाऊजी उभे राहतात?"

"यांच्या गुडघ्यानं होतं का ते? मीच राहते उभी. सगळेच राहतात, म्हातारेकोतारे, पट्टी बांधलेले."

"किती वेळ, ताई?"

"ते सोड. पण तू रांग पाहायला पाहिजे होतीस. एकामागे एक, अगदी सरळ. तुला आवडली असती."

श्रीकांत विनायक लेले
गोथेनबर्ग, ९ मार्च २०१३