आतली कडी

"खोली लई ग्वाड हाय रं, आदिनाथ. आता ते कपाट उघड बघू."

फोनमधला आदिनाथ जागच्या जागी थबकला.

"कपाट कशाला मावशी? कपाटच हाय की ते. लाकडी."

"लाकडी हाय ते दिसतंय मला. उघड."

तानाबाई काटवटीपुढं मांडी घालून बसलेली. दोन्ही हात पिठात, म्हणून फोन तिच्या लेकीनं, अपेक्षानं, तिच्या तोंडापुढं धरलेला. फोनात दुबईची खोली. जाड गादी, भिंतीला एसी, खिडकीला झालरीचा पडदा, आणि दाराला आतून पितळी कडी. ही कडी बघितल्यावर तानाबाईचा चेहरा जरा सैल झाला होता. पण क्षणभरच.

सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या बोळात, पत्र्याच्या शेडात तिचं भाकरीचं काम चालतं. लग्नाच्या पंगती, खानावळी, शिवाय कडक भाकरीचे पुडे. मूळची केम गावची. मोडनिंबच्या युवराजनं दुबईत हॉटेल काढलं आणि तिच्याकडून कडक भाकरी मागवायला लागला. सोलापूरची कडक भाकरी महिना महिना टिकते, पण विमानात पेट्या आदळणाऱ्यांच्या हातात टिकत नाही. पोचेपर्यंत चुरा. गिऱ्हाइकं काय चुरा चमच्यानं खाणार? मग युवराजनं दुसरा विचार केला. भाकरी आणण्यापेक्षा भाकरीचा हातच आणावा. कागदपत्रं झाली, व्हिसा निघाला, राहायची सोय आमच्याकडं म्हणाला. तानाबाईनं एकच अट घातली होती. खोली आधी बघणार.

"खोलीत काय बघायचं, मावशी? छप्पर असतंय, भिंती असत्यात," युवराज हसला होता.

"दार असतंय," ती म्हणाली होती.

आता माढ्याकडचा आदिनाथ, तिथला वेटर, मालकाच्या हुकमानं खोली दाखवत होता आणि कपाट उघडायचं सोडून डोकं खाजवत होता.

"बरं, कपाट ऱ्हाऊ दे. न्हानी दाव."

आदिनाथनं बाथरूमचं दार अर्धं लोटलं. आरशाखाली ओला ब्रश, साबणाचा फेस वाळलेला वस्तारा, खुंटीला गडीमाणसाची बनियन.

"ह्यो वस्तारा कुनाचा? माजा?"

शेजारच्या चुलीपाशी भाकरी उलटणारी नागव्वा फिस्सकन हसली. नागव्वा अक्कलकोटच्या अलीकडची, मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत घुसायची.

आदिनाथ तरी किती वेळ तगणार? आपल्याच भागातल्या बाईपुढं खोटं रेटायला जीभ जड होते. "मावशी," तो खाली आवाजात म्हणाला, "ही म्यानेजरची खोली हाय. शेठ म्हनले, हीच दाव."

"मला वाटलंच हुतं," तानाबाई म्हणाली आणि गोळा पुन्हा मळायला घेतला.

तिला का वाटलं, त्याला जुनं कारण आहे. आपल्याकडं पोरगी द्यायच्या आधी मुलीकडची माणसं मुलाचं घर बघायला जातात. आड बघतात, कणगी बघतात, दावणीची जनावरं मोजतात. तानाबाईच्या वेळेला तिचा बाप आणि चुलता माढा तालुक्यातल्या त्या घरी गेले होते. दावणीला दोन म्हशी, काळ्याभोर, शिंगांना तेल लावलेलं. चुलता माघारी येऊन म्हणाला, दुधातुपाचं घर हाय. लग्न लागलं. हळद अजून अंगावर होती तेव्हाच शेजारचा माणूस आला, दावं सोडलं आणि दोन्ही म्हशी हाकत घेऊन गेला. त्याच्याच होत्या. चुलत्यानं म्हशी मोजल्या, पण मागं उकिरडा आहे का, शेणाची पाटी कुठं रिकामी होते, हे बघायला तो गेलाच नाही. बापाला पुढं कळलं तेव्हा तो म्हणाला, "आता काय करायचं? दिली ती दिली."

घर एकाच खणाचं. त्यात सासू, सासरा, दीर, नणंदा. तानाबाई आणि तिच्या नवऱ्यासाठी कोपऱ्यात दोरीवर जुनं लुगडं टाकलेलं, तोच पडदा. तो पडदा कुणीही, केव्हाही वर करायचा. सासू मिठाला, नणंद आरशाला. दीर कशालाच नाही, नुसताच. तानाबाई पडद्याचा काठ पाट्याखाली दाबून झोपायची. मग एक दिवस नवरा खपला, आणि दिराचा हात पाट्यापर्यंत आला, तेव्हा तिनं वरवंटा त्याच्या बोटांवर घातला. अपेक्षाला कडेवर घेतलं आणि माढा स्टेशनात जी गाडी आली तिच्यात बसून सोलापूर गाठलं. त्यावर ती आजवर ना रडली, ना कुणाला रडू दिलं. विचारलं कुणी तर म्हणते, "बोटं बरी झाली आसतील की त्याची."

"आता माजी खरी खोली दाव," ती फोनला म्हणाली.

आदिनाथ जिना चढून वर गेला. हॉटेलाच्या डोक्यावर एक लांबडा हॉल. प्लायवूडच्या फळ्या उभ्या करून त्याचे खण पाडलेले, प्रत्येक खणात एक पलंग. दार कुठंच नाही. प्रत्येक खणाला एक पडदा. कुणाच्या पडद्याखालून पाय दिसत होते, कुणाचं घोरणं ऐकू येत होतं.

"ह्यो कोपऱ्यातला तुमचा, मावशी. भिंतीकडंचा. हवा बी येती."

"आन ह्या बाकीच्या खणात कोन हाय?"

"आमीच की. वेटर, कुक, भांडीवाले."

"बाया किती?"

आदिनाथला कळेना फोन कुठं वळवावा. वळवता वळवता जिन्याजवळचं एक दार दिसलं. लोखंडी पत्र्याचं, बाहेरून जाड कडी, कडीला कुलूप.

"थांब! हे काय हाय?"

"हे व्हय? तांदळाची पोती हायती आत. चोऱ्या हुत्यात म्हनून कुलूप लावतोय."

तानाबाईनं पिठाचा हात फोनकडं उगारला. अपेक्षानं घाबरून फोन मागं घेतला.

"म्हंजी पोत्याला दार आन कडी, आन बाईला पडदा? सांग तुज्या शेठला. पोती ठेव म्हनावं पडद्याआड, आन मला दे ती खोली. न्हायतर भाकरी तुमची तुमीच थापा."

फोन बंद झाला. शेडात नुसता तव्याचा वास राहिला. मग अपेक्षाचं तोंड सुटलं.

"आई, मी किती हेलपाटे घातले! पासपोर्टला, पोलीस स्टेशनला, त्या एजंटाकडं. आणि तू पडद्यावरून मोडतीस?" अपेक्षा फार्मसी शिकते, हॉस्टेलला राहते, आता सुट्टीला आलेली, आणि मनात पक्कं धरून बसलेली की आईनं आता ह्या धुरातून उठावं. "थोडं अॅडजस्ट कर ना. सगळ्या जगाची माणसं राहतात तिथं."

"हौदु, खरं हाय," नागव्वा म्हणाली. "तानक्का, एवडं काय त्यात? इमानानं जायचं, चांगला पगार. मला कुनी बोलावलं तर म्या छपरावर झोपीन."

"तू झोप. तुजं घोरनं आयकून चोर बी येनार न्हाईत."

"अय्य, बगा हिचं!" नागव्वा उलथनं आपटत म्हणाली, आणि दोघी हसल्या. अपेक्षा हसली नाही.

तिला आईचं दुखणं माहीत होतं, पण पुरतं नाही. शेडामागं जी खोली तानाबाई भाड्यानं राहते, तिच्यात घरमालकाच्या पाण्याच्या मोटारीचं बटण आहे. नळाला पाणी आलं की तो येतो. दार वाजवत नाही, त्याच्याकडं दुसरी किल्ली असते. तानाबाई जेवत असो, केस विंचरत असो, झोपलेली असो. "मोटार लावायचीया," म्हणत तो आत, बटण दाबून बाहेर. माणूस वाईट नाही, वर मान करत नाही. पण येतो. तानाबाईनं आतून कडी बसवून घेतली, तर त्यानं ती त्याच दिवशी काढली. पाणी वाया जातं म्हणाला. बटण भाईर न्या म्हणाली, तर भिंत खराब होते म्हणाला. म्हणजे बघा, सासरी लुगडं, सोलापुरात मोटार, आणि आता दुबईत पडदा. बाई चाळिशी ओलांडून गेली, हातानं केलेल्या भाकरी कुठल्या कुठल्या गावी गेल्या, आणि आतून लावलेल्या कडीमागं अजून एकदाही झोपली नाही.

दुसऱ्या दिवशी युवराजचा स्वतःचा फोन आला. आधी गोड, मग आंबट.

"मावशी, दुबईत समदी अशीच ऱ्हात्यात. माजं बी पैलं वरीस पडद्यामागंच गेलं."

"मग तुला ठावं हाय की कसं वाटतंय त्ये."

"अगं, घरचीच पोरं हायती समदी. माढ्याची, करमाळ्याची. कोन काय करनाराय तुला?"

"घरच्याच मानसांचं मला सांगू नगंस, युवराज. घरच्याचंच नाव घेऊ नगंस."

"लई ताठलीस तू, मावशी. मी दुसरी बाई बघीन."

"बघ की! ती बी आदी खोली बघनार का इचार. आन पिठाला विरी, चिकटपना, नसंल तर भाकरी तव्यावर जायच्या आदीच फुटतीया म्हनावं, मग तिच्या डोळ्यातलं पानी वापरा मळायला."

तिनं फोन ठेवला तो जोरात नाही. अलगद ठेवला, आणि त्यामुळंच अपेक्षाला कळलं की आता ही बाई हलणार नाही.

"गेलं दुबई," अपेक्षा पुटपुटली.

"जाऊ दे. म्या कुटं लुगडं धरून बसलीया त्याचं."

पण दिवसभर तिच्या भाकरी एका बाजूला जाड पडत होत्या. नागव्वानं बघितलं. जाड भाकरी तिनं गुपचूप चळतीच्या तळाला घातल्या. एवढं शहाणपण तिला होतं.

युवराजची गोची त्याला स्वतःलाच ठाऊक होती. हॉटेलावर त्यानं आधीच मोठ्ठा फलक लावला होता, 'हातावरची सोलापुरी भाकरी', आणि आतला कुक ज्या भाकरी करत होता त्यांना काठ नव्हता आणि पापुद्राही नव्हता. सोलापूरकडची गिऱ्हाइकं भाकरी उचलून उजेडाकडं धरायची, वास घ्यायची आणि भात मागायची. दुसरी बाई त्यानं शोधलीही. बार्शीकडची एक तयार होती, पण तिनंही विचारलं, दार हाय का?

लग्नसराईतला दिवस. एका कार्यालयाची मोठी ऑर्डर. चुली पेटलेल्या, तवे तापलेले, टोपल्यांत भाकरीच्या चळती. त्या गडबडीत फोन वाजला. अपेक्षानं तो आईपुढं धरला.

आदिनाथ त्या पत्र्याच्या दाराच्या आत उभा. पोती गेलेली. कोपऱ्यात तांदळाचे दाणे अजून सांडलेले, वर एक झरोका, त्यातून ऊन. खोली कसली, पलंग टाकला तर चालायला वाट उरणार नाही. एसी नाही, पंखा आहे.

"शेठ म्हनले, ह्यीच पायजे असंल तर ह्यीच घ्या. पोती त्यांनी तुमच्या पडद्यामागं टाकली."

"बरं केलं. कडी?"

"ही बघा, आतनं बसवली. नवी हाय."

"नुसती दावू नगंस. लाव."

आदिनाथनं कडी लावली.

"युवराज भाईर हाय का?"

"हायती की. जिन्यात."

"त्याला म्हनावं, ढकल दार."

बाहेरून युवराजचा आवाज आला. "मी ढकलू? मावशी, आता ह्ये काय नाटक?"

"मग कोन ढकलनार? उद्या तुजंच मानूस ढकलनार की. ढकल. खांदा लावून ढकल."

धाड. कडी खुळखुळली. पुन्हा धाड. पत्रा थरथरला, झरोक्यातून धूळ पडली, आदिनाथ दोन पावलं मागं सरला. नागव्वा हातातलं उलथनं तसंच धरून फोनात डोकावली. तिसऱ्यांदा युवराजनं खरंच खांदा घातला असणार, कारण बाहेरून "आई गं" असं ऐकू आलं. दार उघडलं नाही.

तानाबाई बघत राहिली. हात पिठात तसेच.

"भायली कडी?" तिनं विचारलं.

"काडली, मावशी. ही बघा, नुसती भोकं ऱ्हायलीत."

"भोकं बुजव. भोक ऱ्हायलं की कुनीतरी येतंय आन परत कडी बसवतंय. सिमेटानं बुजव, कागदानं न्हाय."

"बुजवतू."

युवराज फोनवर आला, खांदा चोळत. "आता तरी येतीस का?"

"येती. पर तू दार वाजवायला शीक. म्या शिव्या देत न्हाय, वरवंटा ठेवती उशाला."

"ये बाई, ये एकदाची," तो म्हणाला, आणि हसायचं की नाही हे त्याला ठरवता आलं नाही.

अपेक्षानं फोन खाली घेतला. आईचं लक्ष एव्हाना तव्याकडं गेलं होतं.

"नागव्वा! बाये, तव्यावरची करपली की! फोनात काय घर बघती, माजं हाय ते."

"अय्यो!" म्हणत नागव्वा पळाली.

तानाबाईनं गोळा काटवटीत टाकला, बोटं पाण्यात बुडवली, आणि दोन्ही तळव्यांनी भाकरी थापायला घेतली. गोल गोल, काठ सारखा, जाड बाजू कुठंच नाही. कार्यालयाचा टेम्पो बोळाच्या तोंडाशी हॉर्न वाजवत होता.

"वाजव म्हनावं," ती म्हणाली, "झाल्याबगर देत न्हाय," आणि पुढचा गोळा घेतला.