डेअरीत राहिलेला फोन

आमच्या डेअरीत कुणाची वस्तू हरवत नाही. किटलीचं झाकण असो की रुमाल, ज्याचं त्याला संध्याकाळच्या आत मिळतं. ही शिस्त मी लावली आणि वीस वर्षं तिचा तोरा मिरवला. जळो तो तोरा.

दुधाचं फॅट काढायला आमच्याकडे एक तरुण बाई होती. सगळे तिला फॅटवालीच म्हणत. नाकासमोर चालणारी, बोलण्यात कंजूष. माझ्या दुधाला फॅट कमी कसं लागलं म्हणून कुणी भांडायला आला, की मशीनचा आकडा त्याच्यासमोर धरून गप्प उभी राहायची. नवरा शहरात कारखान्याला, शनिवारी घरी यायचा. सहा वर्षांची मुलगी शाळेची वेळ होईपर्यंत आमच्यातच उपड्या किटलीवर बसून असायची.

नवऱ्यानं तिला महागाचा फोन घेऊन दिला, तेव्हा तो चारचौघींना मीच दाखवत फिरले. दिवसातून पाच-सहा वेळा त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. ती फोन गोल फिरवून त्याला सगळं दाखवायची: वजनकाटा, किटल्या, रांग, मी. आम्ही बाया चेष्टा करायचो, हिचा बघा कसा लट्टू आहे, आमचे समोर बसून ओळख देत नाहीत. ती हसल्यासारखं करायची. एकदा दाढ ठणकली म्हणून ती दवाखान्यात गेली, तर बाकावर टेकायच्या आत त्याचा फोन: तिथं कुणासाठी गेलीस? तो शनिवारी येऊन गेला आणि सोमवारी तिचा गाल सुजलेला दिसला. मी शहाणी तिला म्हणाले, दाढेचं दुखणं फार वाईट गं.

त्या दिवशी सकाळचं दूध घेऊन झालं आणि मुलीला शाळेत सोडून येते म्हणून ती गेली. थोड्या वेळानं रिकामी किटली न्यायला आलेला एक जण म्हणाला, तुमची फॅटवाली लेकीला घेऊन शहराच्या बसमध्ये चढली की. मी म्हटलं, निघालं असेल काही अचानक काम. टेबल आवरताना बाटल्यांच्या क्रेटमागे तिचा फोन सापडला, आवाज बंद केलेला. विसरली बिचारी, आता नवऱ्याचा फोन आला की ओरडा खाणार, असं वाटून माझाच जीव खालीवर झाला. टँकर त्याच रस्त्यानं शहरात निघाला होता. मी फोन पिशवीत गुंडाळला आणि ड्रायव्हरला बजावलं, स्टँडवर तिला गाठ आणि हातात दे.

ड्रायव्हर सज्जन माणूस. टँकर कडेला लावून त्यानं सगळं स्टँड पालथं घातलं. मला नंतर म्हणाला, "वहिनी हातच पुढे करेनात, मावशी. शेवटी पोरीकडे दिला."

मला नंतर कळलं, फोन विसरला नव्हता, मुद्दाम ठेवला होता. तिचा फोन कुठं आहे ते नवऱ्याला त्याच्या फोनवर दिसायचं. दहापर्यंत तो कारखान्यात मशीनवर. फोन करता येत नसे, नुसतं बघता येई. फोन डेअरीत पडलेला असेतो त्याच्या लेखी ती कामावर होती. दहाच्या आत ती मुलीसह थोरल्या बहिणीकडे जाणाऱ्या गाडीला लागणार होती. बहिणीनं लांब कुठंतरी खोली आणि काम बघून ठेवलं होतं. चार महिने तिनं हे नुसत्या तोंडी निरोपांवर जुळवलं, कारण फोनमधलं अक्षर न् अक्षर तो वाचायचा. आणि मी तो फोन तिच्यामागे धाडला. स्टँडपासून कारखाना दहा मिनिटांवर. तो पोचला तेव्हा दुसरी बस सुटायची होती.

पाच दिवसांनी ती कामावर आली. मनगटाला पट्टी होती. मला रडू आवरेना. म्हटलं, मला एका शब्दानं सांगायचंस ना गं.

"सांगणार होते मावशी," ती म्हणाली. "पण तुम्ही त्याचं किती कौतुक करायचात."

मग म्हटलं, आत्ता ऊठ, फोन इथंच ठेव, बहिणीकडे जाऊ, पोलिसांत जाऊ, मी येते बरोबर. वरातीमागून घोडं, दुसरं काय. तिनं फोन हातातून सोडला नाही.

"मुलगी त्यानं कुठंतरी नेऊन ठेवलीय. कुणाकडे ते सांगत नाही. रोज साडेपाचला पाच मिनिटं दाखवतो, ह्याच्यात. एकदा जरी उचलला नाही, तर तेही बंद."

एवढं बोलून तिनं बॅटरी किती उरलीय ते पाहिलं आणि माझ्याकडे चार्जर मागितला.