तुझा रोबोट

कोऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा वास आला की मला नेदरलँड्समधल्या फोरबर्गच्या घरातली ती संध्याकाळ आठवते. नवऱ्याने माझ्या वाढदिवसाला केर काढणारा रोबोट आणला होता. "सुटलीस बघ आता," असं म्हणाला होता. पुढच्याच आठवड्यात मी ऑफिसातून ट्रेनने आणि मग स्टेशनवरून सायकलने, पावसात भिजत घरी आले. दार उघडताच तो सोफ्यावरूनच म्हणाला, "अगं, तुझा रोबोट अडकलाय, केव्हाचा ओरडतोय." रोबोट त्याच सोफ्याखाली होता. भांडायचंही त्राण नव्हतं. ओल्या कोटासकट मी खुर्चीत बसले. आठ वर्षांच्या लेकीने पुस्तकातून डोकं वर काढलं. "बट बाबा, इट्स अवर फ्लोअर!" तो ओशाळून हसला, वाकला आणि रोबोट ओढून काढला. ब्रशला केस गुंडाळले होते. "हे कसे काढायचे गं?" "कात्रीने," मी म्हटलं आणि उठले नाही. अर्धा तास लागला, पण त्यानेच काढले. आता केर तोच बघतो. पाहुणे आले की मात्र अभिमानाने सांगतो, "मी हिला घरात खूप मदत करतो," आणि तो 'मदत' शब्द दुरुस्त करायचा मला अजूनही कंटाळा येतो.