न मोजलेले दगड

सोलापूरकडे पाटबंधारे खात्यात पंधरा वर्षं काढून अंबादासराव दुबईला आले, ते मोजणीची वही काखेत मारूनच. "जे वहीत नाही, ते जमिनीवर नाही," हे त्यांचं पालुपद. अल क्वोजमधल्या आमच्या कंपनीत मी त्यांच्यासाठी मोजपट्टी धरून उभा राहायचो, त्यामुळे ते मला पाठच झालं होतं. ताठा असा, की टेकडीनेसुद्धा त्यांना विचारून उंच व्हावं.

१९९४ साली धैदच्या पुढच्या वाळवंटाचा नकाशा करायचा होता. वाट दाखवायला इद्रीस होता, त्याच भागातल्या भटक्या बदू टोळीतला. अंबादासराव त्याला प्रत्येक टेकडीचं, विहिरीचं नाव विचारून वहीत उतरवत. मग ईद आली आणि इद्रीस घरी गेला.

"दोन दिवस थांबू या का?" मी विचारलं.

"टेकड्या ईदला घरी जातात काय? यल्ला, चला!"

त्याच दिवशी एका माळावर रोवलेले दगड लागले. हातभर उंचीचे, ना नाव ना अक्षर. त्यातला एक चांगला पक्का होता, उंचीची खूण करायला सोयीचा. अंबादासरावांनी सांगितलं आणि मी त्याला लाल रंग फासला. बाकीच्यांसाठी वहीत दोनच शब्द पडले, 'विखुरलेले दगड'. ईदनंतर आमचं काम पुढे सरकलं.

सत्त्याण्णवला तिथून रस्ता निघाला. उंची तपासायला जुनी वही घेऊन आम्ही गेलो, तर माळ सपाट, घोटून काढलेला. लाल दगड तेवढा शाबूत, कारण मोजणीच्या खुणेला बुलडोझरवाले हात लावत नाहीत. दगडापाशी इद्रीस बसला होता.

"इधर हमारा कबरस्तान था," तो म्हणाला. "हम लोग कबर पे नाम नहीं लिखता. बस पत्थर."

कबरीला रंग मी फासला होता, या हातांनी! अंबादासराव त्याच्यापाशी जाऊन बसले. इद्रीसने शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं. पण त्याने आशेने त्यांचा हात धरला.

"अंबादास, तुम्हारा किताब में सब है. ये लाल पत्थर मेरा चाचा. बोलो, इधर से मेरा माँ कितना मीटर?"

अंबादासरावांनी ते पान काढलं. पुढचं पाहिलं, मागचं पाहिलं, मग वही मिटली.

"भाई," ते म्हणाले, "मैंने सिर्फ ये एक नापा."